दोनच गोल

जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकच्या निकालाचा तक्ता बघताना एका ओळीवर नजर अडकते आणि तिथून हलत नाही. 8 फेब्रुवारी 1998, महिलांची आइस हॉकी, कॅनडा विरुद्ध जपान: 13-0. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 9 फेब्रुवारीला, कॅनडा विरुद्ध चीन: 2-0. संघ तोच, आणि तोवर झालेल्या चारही जागतिक स्पर्धा, 1990, 1992, 1994 आणि 1997, जिंकून आलेला. आदल्या दिवशी तेरा गोल करणाऱ्या त्या मुलींना चीनविरुद्ध साठ मिनिटांत दोनच गोल करता आले. चीन हरला, गुण मिळाला नाही, वर्तमानपत्रांनी मथळा कॅनडाला दिला. पण तेरा आणि दोन यांच्यामध्ये एक बाई उभी होती. गुओ होंग तिचं नाव. चिनी रीतीप्रमाणे गुओ हे आडनाव, ते आधी येतं. परदेशी पत्रकारांनी तिला ‘चीनची भिंत’ म्हणून टाकलं. चिनी खेळाडू अडवण्यात पटाईत दिसली की हे विशेषण तयारच असतं. मला ते विशेषण पुरेसं वाटत नाही. भिंत जागची हलत नाही. गोलकीपरचं सगळं काम हलण्याचं आहे.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं. म्हणून आधी मापं घेऊ. आपल्या हॉकीतला गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच असतो. बर्फावरच्या हॉकीतला गोल 1.83 मीटर रुंद आणि 1.22 मीटर उंच, म्हणजे रुंदीला बरोबर अर्धा. गंमत अशी की मैदानी हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि बर्फावरची चकती, म्हणजे पक, 156 ते 170 ग्रॅमची. वजन जवळपास एकच. पण पक गोल चेंडू नाही. कडक रबराची ती चपटी वडी साडेसात सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच सेंटिमीटर जाड असते. सामन्याआधी तिला फ्रीझरमध्ये ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं आणि बर्फावरून सरळ घसरत जातं. ताशी 100 किलोमीटर वेगाने मारलेला पक नऊ मीटरचं अंतर सेकंदाच्या एक तृतीयांशात कापतो. तेवढ्या वेळात बघून, ठरवून, मग हात उचलायचा म्हटलं तर पक जाळ्यात पोचलेला असतो. म्हणून चांगली गोलकीपर पक बघायच्या आधी मारणारीची काठी बघते. काठीचं पातं कुठल्या कोनात वळलंय, वजन कुठल्या पायावर आहे, पक पात्याच्या टाचेशी आहे की टोकाशी, हे तिने आधीच वाचलेलं असतं.

अंगावरचं साहित्य 15 ते 20 किलोचं. पायांना मांडीपर्यंत येणारे जाड पॅड, डाव्या हातात मोठा झेल घेण्याचा ग्लोव्ह, उजव्या हाताला पाटीसारखा ब्लॉकर आणि त्याच हातात रुंद बुडाची काठी, छाती-खांद्यांना कवच, तोंडाला जाळीचा मास्क, गळ्यापुढे लोंबणारा रक्षक. सामना संपेपर्यंत आतल्या घामाने हे सगळं आणखी जड झालेलं असतं. जाळ्याच्या माथ्यावर पाण्याची बाटली अडकवलेली दिसते ती काही शोभेसाठी नसते. भोवती बर्फ असला तरी आत उकडत असतं.

स्केटसुद्धा वेगळे. इतर खेळाडूंचं पातं साधारण तीन मिलिमीटर जाड असतं आणि पुढे-मागे होडीच्या तळासारखं वळलेलं, म्हणजे चटकन वळता येतं. गोलकीपरचं पातं चार मिलिमीटरच्या आसपास जाड, लांब आणि बरंचसं सपाट, आडवं सरकताना तोल राहावा म्हणून. पात्याला धार लावणं म्हणजे सुरीसारखी एक धार काढणं नव्हे. खालून लांबीभर एक पन्हळ कोरायची, की तिच्या दोन बाजूंना दोन धारा तयार होतात. पन्हळ खोल केली तर पाय बर्फात घट्ट रुततो, पण आडवं सरकायला जोर लागतो. उथळ ठेवली तर छान सरकता येतं, पण अंग झोकून ढकलायच्या वेळी पाय निसटतो. प्रत्येक गोलकीपर आपली पन्हळ स्वतः ठरवते आणि धार लावणारा बदलला की अस्वस्थ होते. सगळ्यात वाईट म्हणजे सामना चालू असताना पातं लोखंडी खांबावर आपटणं. आतली धार दुमडते, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि पुढच्या वेळी त्या पायावर जोर दिला की बाई भलतीकडेच घसरते. बघणाऱ्याला वाटतं चूक झाली. चूक दोन मिनिटांपूर्वीच्या त्या खांबाची असते.

एक गोष्ट कॅमेरे सहसा दाखवत नाहीत. प्रत्येक सत्राआधी यंत्राने बर्फ नवा केलेला असतो, काचेसारखा, वर पाण्याचा पातळ थर नुकता गोठलेला. बाकीच्या मुली त्यावरून आनंदाने फेऱ्या मारत असतात आणि गोलकीपर सरळ आपल्या गोलापुढच्या निळ्या अर्धवर्तुळात जाते आणि तो सुंदर बर्फ खरवडायला लागते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, आडवं पाऊल, पुन्हा आडवं पाऊल, पात्याने ओरखडे काढत. खर्र, खर्र असा आवाज येतो आणि स्केटच्या टोकापाशी बर्फाचा पांढरा भुगा साचतो. गुळगुळीत बर्फावर तिला थांबता येत नाही, म्हणून ती आधी जमीन खरबरीत करून घेते, नांगरून घ्यावी तशी. भुगा काठीने खांबांच्या बुडाशी लोटते. गोलरेषेवर तो राहू दिला तर कडेने येणारा पक अडखळून भलतीकडे वळू शकतो. मग काठीने डाव्या खांबाला टक, उजव्या खांबाला टक. सवय म्हणा, श्रद्धा म्हणा, पण त्यात उपयोग आहे. पुढची वीस मिनिटं तिला मागे वळून न बघता आपल्या पाठीशी गोल कुठे आहे हे माहीत असायला हवं.

आता कोनांचं गणित. मारणारी नऊ मीटरवर समोर उभी आहे. गोलकीपर रेषेवरच राहिली तर तिला 1.83 मीटर रुंदी झाकायची आहे. ती दोन मीटर पुढे आली तर त्याच कोनात झाकायची रुंदी 1.42 मीटर उरते. म्हणजे पुढे येण्यात फायदा आहे. पण समोरचीने पक न मारता आडवा दिला, तर पुढे आलेल्या गोलकीपरला परत फिरायला जास्त लांबचा रस्ता आहे आणि मागे सगळा गोल उघडा. किती पुढे यायचं, हा प्रश्न म्हणूनच फक्त तिच्या धैर्याचा नसतो. तिच्यासमोरच्या दोन बचावपटू तो आडवा पास अडवतील की नाही, या विश्वासाचा तो प्रश्न असतो. चीनच्या बचावाने नागानोत काय केलं असेल, याचा अंदाज त्या दोन गोलांवरून बांधता येतो. गोलापुढची मधली जागा बंद ठेवायची, कॅनडाला कडेकडेने, अवघड कोनातून मारू द्यायचं, आणि पहिला फटका गोलकीपरवर सोपवून तिच्या अंगावरून उडालेला पक आपण बाहेर काढायचा. दुबळ्या संघाची बलाढ्य संघापुढे टिकण्याची ही जुनी रीत आहे. तिला लागतात दोन गोष्टी: पहिला फटका हमखास अडवणारी बाई, आणि साठ मिनिटं न थकणारे पाय.

पहिली गोष्ट चीनकडे होती.

दुसरीची कथा हार्बिनहून सुरू होते. ईशान्य चीनमधला हेइलोंगज्यांग प्रांत, सैबेरियाला लागून. हार्बिन शहराच्या मधून सोंगहुआ नदी वाहते आणि हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो तेव्हा तीच नदी रस्ता होते, खेळाचं मैदान होते, बाजार होते. त्याच प्रांतात चिचिहार नावाचं दुसरं शहर आहे, जिथे स्केट आणि हॉकीच्या काठ्या बनवणारा काळा ड्रॅगन नावाचा जुना कारखाना प्रसिद्ध आहे. चीनची बर्फावरची हॉकी म्हणजे बऱ्याच काळापर्यंत ही दोन शहरं. प्रांताच्या क्रीडाशाळेत लहानपणी निवड व्हायची, राहणं-खाणं-शिकणं तिथेच, आणि मूल मोठं झालं की खेळ हीच नोकरी. कुठल्या खेळात घालायचं हे पुष्कळदा प्रशिक्षक ठरवायचे. महिला हॉकीचा संघ उभा करायचा ठरलं तेव्हा हॉकी खेळणाऱ्या मुली नव्हत्याच. स्केटवर उभ्या राहू शकणाऱ्या मुली मात्र होत्या. त्यामुळे पहिल्या पिढीतल्या अनेकजणी स्पीड स्केटिंग आणि फिगर स्केटिंगमधून आल्या.

हे वाक्य इतिहासात एका ओळीत उरकतं, पण बर्फावर त्याचा अर्थ काय होतो तो बघण्यासारखा आहे. स्पीड स्केटिंगच्या शर्यती नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. म्हणजे ती मुलगी आठ-दहा वर्षं फक्त डावीकडे वळलेली असते. तिचा उजवा पाय डाव्यावरून सुरेख टाकला जातो, पण डावा उजव्यावरून टाकायचा म्हटलं की पाय अडकतो. तिला थांबायची सवय नाही, शर्यत संपल्यावर ती नुसती घसरत वेग कमी करते. हॉकीत दर काही सेकंदांनी दोन्ही पाय आडवे करून, बर्फाचा फवारा उडवत, जागच्या जागी थांबावं लागतं आणि उलट दिशेने सुटावं लागतं. उलटं स्केटिंग तर तिने केलेलंच नसतं. लांब, सपाट पातं सोडून आखूड, वळलेल्या पात्यावर आली की पहिले काही आठवडे ती पुढे तोंडावर किंवा मागे पाठीवर पडते, कारण तोल धरायची जागाच बदललेली असते. आणि हे सगळं हातात काठी धरून, मान वर ठेवून. फिगर स्केटिंगवाल्या मुलीला धारा छान कळतात, उलटं जाणं तिच्या अंगातच असतं, पण तिच्या पात्याच्या पुढच्या टोकाला दात असतात आणि ती ढकलायला त्या दातांचा आधार घेते. हॉकीच्या स्केटला दात नाहीत. सवयीने टोक टेकवलं की ती कोसळते. विशीच्या आसपासच्या मुलींनी हे सगळं नव्याने शिकून 1992 मध्ये फिनलंडच्या तांपेरे शहरात पहिली जागतिक स्पर्धा खेळली आणि पाचवा नंबर काढला. 1994 मध्ये लेक प्लॅसिडला चौथा. 1997 मध्ये कॅनडातल्या किचनरला पुन्हा चौथा. या चढणीकडे बघून ऊर भरून येतो. अमेरिका, कॅनडा, फिनलंड यांच्या खालोखाल जगात चीन, आणि मागे स्वीडन.

एक नियमही त्यांच्या मदतीला होता. 1990 च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत अंगाने धडक देण्याची मुभा होती, 1992 पासून महिलांच्या स्पर्धांत ती काढून टाकली. उत्तर अमेरिकेच्या दणकट खेळाडूंपुढे हलक्या अंगाच्या, पण स्केटिंग पक्कं असलेल्या चिनी मुलींना त्याने श्वास घ्यायला जागा मिळाली.

पण पाय. बर्फावरच्या हॉकीत एक खेळाडू सलग साधारण चाळीस ते पन्नास सेकंद खेळते आणि बाकावर परत येते, कारण त्या गतीने त्यापुढे कुणालाच टिकता येत नाही. श्रीमंत संघ चार फळ्या, म्हणजे आळीपाळीने बर्फावर उतरणारे खेळाडूंचे चार गट, फिरवतो, म्हणजे प्रत्येकीला तीन पाळ्यांची विश्रांती. ज्या संघाकडे भरवशाच्या दोनच फळ्या आहेत, तिथे त्याच मुली पुन्हा पुन्हा बर्फावर जातात आणि तिसऱ्या सत्रात मांड्या पेटतात. थकलेली बचावपटू काय चुकते हे ओळखायला सोपं आहे: ती पायांनी जायच्या ऐवजी काठी लांबवते. काठी लांबवली की समोरची तिला वळसा घालून जाते, किंवा काठी पायात अडकून दोन मिनिटांची शिक्षा होते आणि मग पाचजणींविरुद्ध चौघी. नागानोतलं वेळापत्रक बघा. 8 तारखेला अमेरिका, 0-5. 9 ला कॅनडा, 0-2. 11 ला जपान, 6-1 ने जिंकले. 12 ला स्वीडन, 3-1 ने जिंकले. 14 ला फिनलंड, 1-6. सात दिवसांत पाच सामने, आणि सुरुवातीच्या दोन दिवसांत जगातले दोन सर्वांत बलाढ्य संघ. 17 तारखेला कांस्यपदकासाठी पुन्हा फिनलंड. 4-1 ने फिनलंड जिंकलं. पदक आणि चीन यांच्यात फक्त तो सामना होता. चीनने तीन दिवसांपूर्वी ज्यांच्याकडून सहा गोल खाल्ले होते, त्यांच्याच समोर गुओ होंगला उभं राहायचं होतं. एकाच संघाशी आठवड्यात दोनदा खेळणं गोलकीपरला सगळ्यात जड जातं. तिचा डावा ग्लोव्ह कुठे खाली राहतो, गुडघे टेकताना पायांमधली फट किती उशिरा मिटते, हे समोरच्यांनी पाहून ठेवलेलं असतं.

सगळे गोल मोजले तर त्या ऑलिंपिकमध्ये चीनने एकूण 19 गोल स्वीकारले आणि 11 केले. हा आकडा गोलकीपरच्या नावावर लागतो. कुणाच्या पायांना अजून दहा सेकंद बळ असतं तर त्यातले किती आले नसते, हे मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही.

2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला गुओ होंग पुन्हा संघात होती. या वेळी अमेरिकेविरुद्धचा निकाल 1-12. चार वर्षांत पाचाचे बारा झाले. आकडा बघून कुणी म्हणेल चीन घसरला, आणि ते खरंही आहे, पण त्याहून खरं हे की समोरचे पळाले. नागानोच्या सुवर्णपदकानंतर अमेरिकेत मुलींची रांग लागली, विद्यापीठांनी संघ उभे केले, 2001 मध्ये तिथल्या आंतरविद्यापीठ संघटनेने महिला हॉकीची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवली. अठरा वर्षांची मुलगी शिष्यवृत्ती घेऊन चार वर्षं दर आठवड्याला तोडीच्या संघांशी खेळू लागली. हार्बिनच्या मुलीला तोडीचा सामना हवा तर परदेश दौऱ्याची वाट बघावी लागायची, नाहीतर चिचिहारच्या त्याच ओळखीच्या मुलींशी खेळायचं. कॅनडात 2010 च्या सुमाराला नोंदणीकृत मुली-महिला खेळाडू 80 हजारांच्या वर गेल्या होत्या. चीनमध्ये त्या काही शेकड्यांत मोजता येत होत्या. सॉल्ट लेकला चीनने जर्मनीशी 5-5 बरोबरी केली आणि कझाकस्तानला जादा वेळेत 2-1 हरवून सातवा नंबर मिळवला. आठ संघांत सातवा.

मग 2003 आलं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा बीजिंगला होणार होती. ज्या पिढीने परक्या रिंकमध्ये, परक्या गर्दीपुढे दहा वर्षं खेळून चौथा नंबर आणला, तिला पहिल्यांदा जागतिक स्पर्धा घरच्या लोकांसमोर खेळायला मिळणार होती. एप्रिलच्या सुरुवातीला सामने सुरू व्हायचे होते आणि सार्सच्या साथीमुळे स्पर्धा रद्द झाली. साथीत माणसं दगावत असताना एका स्पर्धेचं दुःख करू नये, हे कळतं. तरी त्या संघाकडे बघताना हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. खेळाडूचं वय वाट बघत नाही. पाच वर्षांनी, एप्रिल 2008 मध्ये, स्पर्धा खरोखर हार्बिनला आली, आशियात पहिल्यांदाच. तोवर पिढी बदलली होती. यजमान चीन आठवा आला, आणि 2009 मध्ये हामेनलिन्नाला नववा येऊन वरच्या गटातून खाली गेला. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला तो होता, सातवा आला, आणि अमेरिकेविरुद्धचा निकाल पुन्हा 1-12, आकडासुद्धा बदलला नाही. त्या संघात यू बायवेई नावाची हार्बिनची एक बचावपटू होती, 21 वर्षांची. तिचं नाव लक्षात ठेवा.

2014 आणि 2018 च्या ऑलिंपिकला चीन पात्रच ठरला नाही.

2015 मध्ये बीजिंगला 2022 चं हिवाळी ऑलिंपिक मिळालं आणि पैशाची धार सुरू झाली. 2017 मध्ये चीनचे दोन महिला संघ कॅनडाच्या लीगमध्ये उतरले, शेनझेन हे घर धरून. सोंगहुआच्या बर्फापासून हजारो किलोमीटर दूर, जिथे नदी कधी गोठत नाही अशा दक्षिणेतल्या शहरात. त्यातल्या कुनलुन रेड स्टार या संघाने गोलात फिनलंडची नोरा रॅटी आणली, जी तेव्हा जगातल्या अव्वल गोलकीपर्सपैकी होती, आणि पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. 2018 चा क्लार्कसन कप, म्हणजे त्या लीगचा चषक, कॅनडाच्या मारखम संघाने जादा वेळेत 2-1 ने घेतला. पुढे दोन्ही संघ एक झाले, 2019 मध्ये ती लीगच बंद पडली, तेव्हा संघ रशियाच्या लीगमध्ये गेला आणि 2020 आणि 2022 अशी दोनदा तिथली विजेतेपदं जिंकला. चिनी मुलींना रोज अशा मुलींबरोबर सराव मिळाला ज्यांच्याविरुद्ध त्यांच्या आधीची पिढी फक्त मोठ्या स्पर्धांत, कधीतरीच खेळायची. हे मोठंच काम झालं, यात मला शंका नाही.

पण गोल एकच असतो. पुढच्या फळीत चार परदेशी मुली आल्या तरी बाकीच्या जागा उरतात, चिनी मुलगी त्यांच्या शेजारी खेळून शिकते. गोलकीपरच्या जागेवर शेजार नसतो. एक बाई आत, दुसरी बाकाच्या टोकाला टोपी घालून दार उघड-मीट करत. सरावात हजार फटके अडवले तरी सामन्यातला गर्दीआडून आलेला एक फटका वेगळा असतो. समोर तीनजणी उभ्या असतात, पक कुणाच्या काठीला लागून दिशा बदलतो, आणि खाली वाकून पायांच्या जंगलातून तो शोधायचा असतो. ते फक्त सामन्यात शिकता येतं. गुओ होंग त्या दर्जाला पोचली त्यात तिची गुणवत्ता होतीच, पण वर्षानुवर्षं बहुतेक मोठे सामने तिच्याच वाट्याला आले, हेही होतं. पराभव खात खात ती घडली. जिंकायची घाई असलेल्या संघाला तेवढा धीर धरता येत नाही, आणि घरच्या ऑलिंपिकची तारीख पुढे ढकलता येत नाही, हेही तितकंच समजतं.

2022 ला बीजिंगमध्ये चीनच्या गोलात जोऊ ज्याईंग होती. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात वाढलेली, तिथे किम्बर्ली न्यूवेल या नावाने ओळखली जाणारी, प्रिन्स्टन विद्यापीठात शिकलेली, मग चीनच्या क्लबकडून खेळून पात्र ठरलेली. संघातल्या पुष्कळजणी अशाच, आजी-आजोबांच्या किंवा आईवडिलांच्या धाग्याने परत आलेल्या. तिच्या हालचालींत काळाचा फरक स्पष्ट दिसतो. आजची गोलकीपर जवळजवळ प्रत्येक फटक्याला दोन्ही गुडघे टेकवून पॅड बाहेर पसरवते, म्हणजे बर्फालगतची सगळी रुंदी झाकली जाते, आणि तसंच गुडघ्यांवर बसून एका पायाने ढकलत आडवी सरकते. वरचे कोपरे उघडे राहतात, ते ग्लोव्हने आणि खांद्यांनी राखायचे. नव्वदच्या दशकात उभं राहून खेळण्याची आणि या नव्या पद्धतीची सरमिसळ चालू होती. पायाने लाथेसारखं अडवणं, दोन्ही पॅड एकावर एक रचून आडवं झोकून देणं, हे तेव्हा सर्रास दिसायचं. बघायला ते जास्त देखणं होतं. पण एकदा तसं आडवं पडलं की उठायला वेळ जातो आणि परतलेला पक पुन्हा मारणारीला गोल मोकळा मिळतो.

चीनने डेन्मार्कला 3-1 हरवलं. जपानला पेनल्टी शूटआउटमध्ये 2-1 हरवलं. शूटआउट म्हणजे गोलकीपरचं सगळ्यात उघडं रूप. समोरून एकटी खेळाडू पक घेऊन येते, गोलकीपर आधी पुढे सरकते, मग तिच्याच वेगाने मागे मागे येत राहते. फार लवकर मागे गेली तर कोपरे उघडतात, फार उशिरा गेली तर समोरची बाजूने निघून जाते. आणि पहिला हलतो तो हरतो. त्या दिवशी चीन हरला नाही. चेकियाविरुद्ध 1-3 आणि स्वीडनविरुद्ध 1-2 अशा हारी मात्र आधी-नंतर लागल्याच, आणि एका गोलाच्या फरकाने उपांत्यपूर्व फेरी हुकली. दहा संघांत नववा नंबर. कर्णधाराच्या जर्सीवर नाव होतं यू बायवेई. व्हँकुव्हरमध्ये 1-12 पाहिलेली तीच हार्बिनची मुलगी, आता 33 वर्षांची. मधली बारा वर्षं तिने दुय्यम गटातल्या स्पर्धा, रिकाम्या स्टँडपुढचे सामने, कॅनडा आणि रशियातले लांबचे प्रवास खेळून काढली. ज्यांच्या कथा कुणी लिहीत नाही ते सामने तिने खेळले, आणि म्हणूनच बीजिंगला चीनच्या संघात चीनमध्ये घडलेलं काहीतरी शिल्लक होतं.

त्यानंतर 2023 मध्ये शेनझेनला दुय्यम गट जिंकून चीन वर चढला, 2024 मध्ये अमेरिकेतल्या युटिकाला खेळून पुन्हा खाली आला. मिलानच्या 2026 ऑलिंपिकला चीनचा महिला संघ नव्हता. चढ-उताराची ही रेघ पाहिली की पुन्हा तक्त्यातल्या त्या ओळीकडे जावंसं वाटतं. दोन गोल. एक गोल आत गेला तेव्हा काय झालं असेल हे कुठल्याही सामन्यात सारखंच असतं: पंचाचा हात गोलाकडे, समोरच्यांचा घोळका, आणि गोलकीपर जाळ्यातून पक काठीने बाहेर लोटते, बाटली उचलून तोंडावर पाणी मारते, पुन्हा दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, खर्र, खर्र. आणि खांबांना टक, टक.

नागानोत महिलांचे बरेच सामने अ‍ॅक्वा विंग नावाच्या रिंकमध्ये झाले. ती इमारत बांधतानाच ठरलं होतं की ऑलिंपिक संपलं की बर्फ काढून तिथे पोहण्याचा तलाव करायचा. तसा तो झाला. जिथे निळी अर्धवर्तुळं होती, खरवडलेला भुगा होता, तिथे आता पाणी आहे आणि लोक पोहतात.